माझ्या पाठीला बसणारी बॅग

मांद्रे

सांगलीहून निघताना विजयने माझ्या कॅमेऱ्याची बॅग दोन्ही हातांनी उचलून गाडीत ठेवली आणि म्हणाला, "तू फक्त फोटो काढ. बाकी सगळं माझ्याकडे."

गेलं दीड वर्ष तो हेच म्हणतो आहे. मी दंतवैद्य, तोही दंतवैद्य. एकाच कॉलेजात शिकलो, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी जमलं नाही. लोकांच्या तोंडात वाकून बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि शेवटी कमरेच्या मणक्याने संप पुकारला. ऑपरेशन झालं. चांगलं झालं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पोहायला सांगितलं, फक्त एका खांद्यावर ओझं कधी घ्यायचं नाही, असं बजावून सांगितलं. माझी जुनी, एका पट्ट्याची कॅमेऱ्याची बॅग त्याच आठवड्यात माळ्यावर गेली. ती बॅग घेऊन मी सागरेश्वरला, चांदोलीला, कृष्णेच्या काठाने कितीदा एकटी भटकले होते. मी अंथरुणावर असतानाच विजयने नवी बॅग आणली. तिच्यात लहानसा फ्रिज मावला असता. "बरी झालीस की लागेल," तो म्हणाला. मी बरी झाले, पण ती बॅग मला उचलता येईना. मग ती तोच उचलू लागला.

आणि हळूहळू माझे फोटो बंद पडले. पाखरू दिसलं की आधी नवरा शोधायचा, मग बॅग, मग लेन्स. तोवर पाखरू दुसऱ्या तालुक्यात. पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या भाचीला कॅमेरा देऊन टाकावा, असं माझ्या मनात बसत चाललं होतं. गोव्याला जाऊन येऊ, तिथेही असंच झालं तर देऊन टाकू, असं ठरवूनच मी गाडीत बसले. विजयला मात्र हे सांगितलं नाही.

आमचा मुक्काम रामनाथकडे होता. रामनाथ मांद्र्याचा. सांगलीला बँकेत असताना तो आणि त्याची बायको प्रभा आमच्या शेजारी भाड्याने राहायचे. आता निवृत्त होऊन गावी परतलाय, घरामागे पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्यात. आंबोलीचा घाट उतरून, बांद्यावरून पेडण्यात शिरलो आणि माडांच्या सावलीतल्या त्याच्या अंगणात गाडी थांबली, तेव्हा प्रभा हात पुसत बाहेर आली.

"येवा, येवा! नीला, तू आदीं कदेलार बस गो. पाठीक उशी दितां."

कदेल म्हणजे खुर्ची. सांगलीत असताना ही बाई आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायची. आता गावात परतल्यावर तिची जीभ मोकळी झाली होती, आणि ती बोली तिला फार शोभत होती. खिडकीला जनेल, चमच्याला कुलेर. दोन दिवसांत मीही कुलेर मागायला लागले.

संध्याकाळी रामनाथबरोबर समुद्रावर गेलो. मांद्र्याला गावातून थेट वाळूत उतरता येत नाही. मध्ये एक खाडी आडवी येते आणि तिच्यावर लाकडी, अरुंद पूल आहे. पुलावरून जाताना खालच्या पाण्यात सुरूच्या झाडांची सावली थरथरत असते. किनारा लांबच लांब, माणसं तुरळक, आणि ओल्या वाळूवर आकाश इतकं स्वच्छ उतरलेलं, की पाऊल टाकताना संकोच वाटावा. असा किनारा रोज बघणारी माणसं भांडत कशी असतील, असा प्रश्न मला पडला. (भांडतात. दुसऱ्या दिवशी मासे घेताना ऐकलं.)

विजयने बॅग वाळूवर आडवी ठेवली, कारण ती समोरून उघडणारी. आडवी केल्याशिवाय आतलं काही निघतच नाही. चेनमध्ये वाळू गेली. मी ट्रायपॉडचे पाय फिरवून लांब केले, पाण्याच्या कडेला उभा केला आणि पहिलाच फोटो काढणार, तोच एक लाट जरा जास्तच आपुलकीने वर आली. मी कॅमेरा उचलून मागे झाले. विजयने बॅग उचलली, पण तळाशी ती भिजलीच. ट्रायपॉड बिचारा गुडघाभर पाण्यात उभा राहिला.

पाणी ओसरल्यावर पाय बंद करायला गेलो तर पिरगाळायच्या जोडांत वाळू. कचकच आवाज येई आणि पाय जागचा हलेना. दोन पाय कसेबसे मिटले, तिसरा ताठच. शेवटी रामनाथच्या छोट्या गाडीतून आम्ही तो तसाच नेला, एक पाय खिडकीतून बाहेर काढून. वाटेत सायकलवर पावाची टोपली बांधलेला पदेर भेटला. त्याने भोंपू वाजवायचा थांबवून विचारलं, "रामनाथबाब, ती तोफ खंय व्हरतां?"

"तेरेखोलाक!" रामनाथ म्हणाला. "किल्लो परत घेवंक!"

त्याच पदेराकडून प्रभाने गरम पोय घेतल्या. कोंड्याचा वास येणारी, आतून पोकळ, हातात घेतली की फुस्सकन हवा सोडणारी पोय आणि बरोबर नारळाच्या रसातली पातळ भाजी. आमच्याकडे पाव म्हणजे आजाऱ्याचं नाहीतर मिसळीचं खाणं. इथे भाकरीचा मान पावाला आहे, आणि ताजा पाव घरोघर पोचवणाऱ्याला घरच्या माणसासारखं विचारलं जातं, हे मला फार आवडलं.

तेरेखोल

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं खरंच तेरेखोलला गेलो. ट्रायपॉड रामनाथने नळाखाली धुऊन मोकळा करून दिला होता, पण त्याच्या चालीत आता खरखर आली होती.

केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट घ्यायची. नदी समुद्राला मिळते तिथेच आपण ती आडवी ओलांडतो. एका बाजूला हिरवं, शांत पाणी आणि दुसऱ्या बाजूला फेसाची पांढरी रेघ. बोटीत स्कूटरवाले, शाळेच्या शिक्षिका, बर्फातल्या माशांच्या पेट्या आणि आम्ही. कोणी घाईत नव्हतं. बोट निघताना एका बाईंनी स्वतःहून सरकून मला कठड्याला टेकायला जागा दिली. "पाठ दुखता मगो?" त्यांनी विचारलं. माझ्या उभं राहण्यावरूनच त्यांनी ओळखलं असावं. पलीकडे पोचेपर्यंत त्यांनी मला स्वतःच्या गुडघ्याची सगळी हकिकत सांगितली.

किल्ला लहान आहे, जांभ्या दगडाचा, खाली थेट समुद्र. बाहेरच्या सड्यावर गवत सोनेरी झालं होतं. चढावर मी कॅमेरा गळ्यात घेऊन, लहान लेन्स लावून पुढे गेले. बॅग जड, ऊन कडक, म्हणून विजय खाली सावलीत थांबला.

मी कड्याच्या जरा अलीकडे उभी होते. खालून, माझ्या पायांच्याही खालून, एक समुद्री गरुड वर येताना दिसला. डोकं पांढरं शुभ्र, पंख राखी, आणि पायांत काहीतरी लांबट, वळवळणारं. साप असावा. गरुडाची पाठ बघायला मिळणं दुर्मीळ. आपण नेहमी खालून त्याचं पोट बघतो. इथे मी त्याच्या वर होते. तो पंख न हलवता वाऱ्यावर चढत आला, माझ्या डोळ्यांच्या रेषेत आला, मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मग वर गेला. माझ्या लहान लेन्समध्ये तो आकाशावरचा डाग होता.

"विजय!" मी ओरडले. "लांब लेन्स!"

तो धावत आला. पाठीवर ती अजस्र बॅग, हातात ट्रायपॉड, शर्ट घामाने चिंब, आणि चेहऱ्यावर उत्साह. "काय हवंय? सांग, लगेच देतो."

मी त्याच्याकडे बघत राहिले. राग यावा असं त्याने काही केलं नव्हतं. म्हणूनच फार राग आला. "काही नको," मी म्हटलं. परतीच्या बोटीत आम्ही दोघं दोन टोकांना उभे होतो.

जेवताना प्रभाने ते ताडलं. ताटात तळलेले मुडदुशी मासे, कोकमाची कढी आणि तांबडा भात. तिने विजयला वाढता वाढता सरळच विचारलं, "भाऊजी, नीलाक गरूड दिसलो तेन्ना तुमी खंय आशिल्ले?"

"खाली. सोडा पीत होतो," विजय म्हणाला.

"मगो! गरूड तुमचो सोडो संपासर रावता?"

रामनाथ हसून ठसकला. विजयही हसला, पण मग खाली मान घालून भात कालवू लागला. आमच्याकडे पाहुण्याला असं तोंडावर कोणी बोलणार नाही; मागून चार दिवस बोलतील. प्रभाने बोलून टाकलं, आणखी एक मुडदुशी त्याच्या ताटात घातली, आणि विषय तिच्यापुरता संपला. "बॅग बदल," ती मला म्हणाली. "डिचोलीत उल्हासाचें दुकान आसा. आणि रावपाक आमोण्याक म्हज्या भयणीगेर वच. थंय नदीर ऊद येतात."

ऊद म्हणजे पाणमांजर. मी आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं.

डिचोली

उल्हासचं दुकान डिचोलीच्या बाजारात आहे. पुढे लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ, मागच्या भिंतीवर बॅगा आणि ट्रायपॉड. आम्ही पोचलो तेव्हा दुपार व्हायला आली होती. उल्हास चाळिशीतला, गप्पिष्ट, दाढी नीट कातरलेली. बॅग हवी म्हटल्यावर त्याने भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. "आधी तुमचं सामान काढा," तो म्हणाला. "सगळं. या काचेवर मांडा."

मांडलं. तीन लेन्स, फ्लॅश, दोन चार्जर, साफ करायचे ब्रश, जास्तीच्या बॅटऱ्या, कसल्या कसल्या तारा आणि एक छत्री. "हे सगळं कोण वापरतं?" उल्हासने विचारलं.

"लागलं तर असावं म्हणून मी भरतो," विजय म्हणाला.

"आणि बाई, तुम्ही खरंच काय वापरता?"

मी कॅमेरा, लांब लेन्स, एक लहान लेन्स आणि एक बॅटरी बाजूला काढली. काचेवर एवढीशी जागा लागली. बाकीचा ढीग बघून माझी मलाच लाज वाटली. माझी पाठ वाचवायला निघालेल्या माणसाने ती छत्रीसुद्धा दीड वर्ष वाहिली होती.

उल्हासने दोन बॅगा काढल्या. एक मोठी, भरपूर कप्प्यांची, पाठीला जाड गादी. दुसरी तिच्या निम्मी, कमरेला रुंद पट्टा, आणि उघडायची जागा पाठीच्या बाजूने. आधी रिकाम्याच हातात घ्यायला लावल्या. मोठी रिकामीच इतकी जड होती, की माझा कॅमेरा तिच्यात गेल्यावर काय होईल ते मनगटालाच कळलं.

विजयने मोठी उचलून स्वतःच्या पाठीला लावली. उल्हास त्याच्या उंचीप्रमाणे पट्टे ओढायला लागला. "हीच घे," विजय मला म्हणाला. "ऐसपैस आहे. शेवटी मीच उचलणार."

"पट्टे सोडव," मी म्हटलं.

"का?"

"विजय, पट्टे सोडव. मला ती माझ्या पाठीवर बघायची आहे."

विजयने बॅग उतरवली. ती माझ्या पाठीवर आली तेव्हा कमरेचा पट्टा मांडीवर उतरला आणि वरचं टोक डोक्यामागे लागलं. ती त्याच्या पाठीची बॅग होती. लहान बॅगेत माझं सामान भरून उल्हासने पट्टे सगळे सैल केले. "आधी कमरेचा आवळा. हाडावर बसला पाहिजे. आता खांद्याचे, थोडेच." वजन खांद्यांवरून निघून कमरेवर बसलं. मी स्टुडिओचा जिना चढून उतरले. गुडघ्यांत बसून उठले. मग त्याने एक युक्ती दाखवली: कमरेचा पट्टा तसाच ठेवून खांद्याचे पट्टे सोडायचे आणि बॅग कमरेभोवती फिरवून पुढे आणायची. ती पोटाशी ताटासारखी आडवी राहते, पाठीची बाजू आता वर, तिथून उघडायचं. जमिनीवर काही ठेवायला नको, वाकायला नको. मी ते पाच-सहा वेळा केलं. दुकानात आलेली दोन माणसं गंभीरपणे बघत होती.

ट्रायपॉडचं इतकं सोपं नव्हतं. सर्वांत छोटा मिटला की कोपरापासून मनगटापर्यंतच येई, पण उघडल्यावर शेवटची नळी पेन्सिलीएवढी. वरून हाताने दाबला तर अंगात आल्यासारखा थरथरला. जाड पायांचा घ्यावा तर बॅगेबाहेर लोंबतो. छोटा ट्रायपॉड बुटका, म्हणजे मला वाकायला लागणार. शेवटी एक मधला सापडला. पाय पिरगाळायचे नव्हते, खटका उघडून ओढायचे होते, म्हणजे वाळू गेली तरी धुणं सोपं. मधला दांडा काढून टाकला की पाय पार जमिनीसपाट पसरत. उभा केला तर माझ्या छातीपर्यंत येई आणि कॅमेऱ्यामागचा स्क्रीन वर उचलून मला न वाकता बघता येई.

"हा पुरेल ना?" मी विचारलं.

उल्हास हसला. "तें माका कशें कळतलें? पाठ तुमची." मग घड्याळाकडे बघून म्हणाला, "आता मी दुकान बंद करतो. जेवतो, न्हिदतो."

गोव्यात दुपार ही झोपेची असते आणि ती कोणी कोणाला विकत नाही, हे मी विसरलेच होते. आमच्या सांगलीत गिऱ्हाईक समोर असताना कोणी दुकानाचं शटर ओढणार नाही. मी निराश होऊन सामान आवरू लागले, तेवढ्यात तो म्हणाला, "खंय रावतात?"

"आमोण्याला. प्रभाच्या बहिणीकडे, शैलाताईंकडे."

"शैला बाई? म्हज्या चलयेक तांणी शिकयलां!" म्हणजे त्याच्या मुलीच्या त्या शिक्षिका. त्याने दोन्ही बॅगा आणि ट्रायपॉड माझ्यासमोर सरकवले. "व्हरात. चार पावलं दुकानात चालून काय कळणार? तिथे चिखलात घालून बघा. नको ती परत आणा."

विजय पैसे ठेवून जायला लागला, तर त्याने हातच मागे घेतला. "मग बघू. आता भूक लागल्या."

आमोणे

कोणती बॅग घेतली ते आधीच सांगून टाकते: लहान. मोठी परत केली तेव्हा उल्हासने लहान बॅगेवरचा चिखल बघितला आणि तिला पुसायलासुद्धा हात लावला नाही. "ही झाली तुमची," म्हणाला. तो चिखल कसा लागला, ते सांगायचं राहिलंय.

आमोण्याला मांडवी रुंद आणि संथ आहे. पलीकडे खारफुटीची हिरवी भिंत, मधून एखादा बार्ज. अलीकडे नदीच्या पातळीखालची शेतं आणि दोघांच्या मध्ये माती-दगडांचा जुना बांध. त्याला जागोजाग लाकडी दारं आहेत. त्यांना मानस म्हणतात. भरतीला दार मिटतं, ओहोटीला उघडतं आणि शेतातलं पाणी नदीला जातं. माणसांनी चिखलातून अशी जमीन उभी करून इतकी वर्षं राखली, याचं मला राहून राहून नवल वाटत होतं.

शैलाताई प्रभाची धाकटी बहीण, निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान ट्रकच्या धंद्यात, दिवसभर बाहेर. शेत त्याच बघतात. त्यांनी आम्हाला पेज आणि सुक्या सुंगटांची किसमूर वाढली. किसमूर म्हणजे कुरकुरीत सुकी कोळंबी, ओलं खोबरं, कांदा आणि कोकम. मी तीनदा मागून घेतली. त्यांना मी विचारलं, ऊद तुमचे मासे खात नाहीत का?

"खातात मगो. मानशीत गावलेलीं सुंगटां अर्धीं तांचीं." त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "तांचो घोव काय ट्रक चलयता? तांणी खावचें काय?"

विजय गाडीतून सामान आणायला गेला, तेव्हा मी त्यांना कॅमेऱ्याचं सांगितलं. भाचीला देऊन टाकायचा विचार आहे म्हटलं. त्यांनी शिक्षिका बघते तसं माझ्याकडे बघितलं. "फाल्यां सकाळीं बांधार वच. एकटी. ऊद दोगांक पळेवन भायर सरना. मागीर किदें दिवपाचें तें दी."

विजय परतल्यावर, दोघं दिसली तर ऊद बाहेर येत नाहीत, उद्या हिला एकटीला बांधावर जाऊ दे, एवढं त्यांनी त्यालाही ऐकवलं. तो म्हणाला, "पण बांध निसरडा असेल. ती एकटी..." आणि थांबला. मग उल्हासकडच्या मोठ्या बॅगेतून स्वतःच माझा कॅमेरा काढला, लहान बॅगेत ठेवला आणि ती माझ्या खुर्चीला टेकवून ठेवली.

सकाळी उजाडता उजाडता मी निघाले. लहान बॅग पाठीवर, एका बाजूच्या खिशात ट्रायपॉड, दुसऱ्या बाजूला तोल राखायला पाण्याची बाटली. शेतं नांगरून पाणी सोडलेली होती. त्यावर धुकं गुडघ्याएवढं. पायांखाली खेकड्यांची बिळं. खंड्या समोरून निळी रेघ ओढत गेला. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या मागे कोणाची पावलं वाजत नव्हती. मला थोडं हलकं वाटत होतं, थोडं उघडंही.

बांधाला एके ठिकाणी ताजी माती लिंपली होती. तिच्यावर पाऊल पडलं आणि सरकलं. मी धपकन बसले आणि तशीच घसरत शेताच्या बाजूला, चिखलात पाय जाऊन थांबले.

काही वेळ मी हललेच नाही. श्वास धरून वाट बघत होते, की कमरेतून ती जुनी वीज पायात उतरते का. आधी पायांची बोटं हलवली. हलली. मग घोटे. मग आपोआप तेच केलं जे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी शंभरदा करून घेतलं होतं: कुशीवर वळायचं, हात टेकायचे, गुडघे पोटाशी, मग उठायचं. उठले. काही दुखत नव्हतं, फक्त बूड ओलं आणि अब्रू गेलेली. बॅग पाठीला घट्ट बसून होती; जुनी एका पट्ट्याची असती तर तिने झोका घेऊन मला तिच्यामागे ओढलं असतं. मी बांधावर आले, खांद्याचे पट्टे सोडले, बॅग फिरवून पुढे घेतली आणि उघडली. कॅमेरा कोरडा ठाक.

मानशीच्या जरा अलीकडे मी ट्रायपॉड जमिनीसपाट पसरला आणि पालथी पडले. ऑपरेशनपासून पालथं पडणं हीच माझ्या पाठीची आवडती अवस्था आहे. चिखलाला आता काय भ्यायचं!

आधी शीळ ऐकू आली, पाखराची वाटावी अशी. मग पाण्यात एक चपटं डोकं, मग आणखी, मग पाणी नुसतं गाठीगाठींचं झालं. एकामागून एक ते मानशीच्या दगडांवर चढले. अंगं तेल लावल्यासारखी. सगळ्यांत मोठ्याने खेकडा धरला होता आणि तो कुडुम कुडुम चावल्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. दंतवैद्याच्या कानाला तो आवाज किती गोड लागला म्हणून सांगू! काय दाढा! दोन पिल्लं आईच्या शेपटीवरून भांडत पाण्यात पडली, वर आली, पुन्हा पडली. मी फोटो काढत होते. मग एकदा बटणावरचं बोट उचललं आणि नुसतंच बघितलं. एक ऊद दोन पायांवर उभा राहिला, मिश्या ताणून त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्याला बहुधा चिखलाचाच ढीग वाटले, कारण त्याने पुन्हा खायला सुरुवात केली.

भरती चढायला लागली तसे ते नदीबरोबर वर निघून गेले.

मी सामान भरलं आणि परत फिरले. ताज्या मातीच्या जरा पुढे, बांधाखाली, विजय उभा होता. अनवाणी, बूट हातात, पँट मांड्यांपर्यंत चिखलाने माखलेली. नांगरलेल्या शेतातून त्याच्या पावलांची खोल ओळ शैलाताईंच्या घराकडून इथवर आली होती आणि इथेच थांबली होती.

तो बांधावर चढला. त्याचा हात सवयीने माझ्या खांद्यावरच्या पट्ट्याकडे आला, मध्येच वळला, आणि त्याने स्वतःच्या पँटचा चिखल झटकल्यासारखं केलं.

"हे काय?" मी विचारलं.

"तू पडलीस ते अंगणातून दिसलं. धावत निघालो. बांधावरून आलो असतो तर तुझे ऊद पळाले असते, म्हणून शेतातून."

"मग जवळ का नाही आलास?"

तो बूट आपटून त्यांतलं पाणी काढत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू उठत होतीस."

बांध एका माणसापुरताच होता. मी पुढे झाले, तो मागून येत राहिला, आणि पिल्लं शेपटीवरून कशी भांडली ते घर येईपर्यंत मी त्याला पाठमोरीच सांगत होते.